कुत्र्यांची हंगामी ॲलर्जी

गवत व झाडांचे परागकण, बुरशीचे बीजाणू अशा ठरावीक ऋतूंत वाढणाऱ्या घटकांना कुत्र्याच्या रोगप्रतिकारशक्तीने दिलेली अतिरेकी प्रतिक्रिया. माणसाचे अशा वेळी नाक गळते, कुत्र्याला मात्र मुख्यतः खाज सुटते. पंजे, तोंडाचा भाग, कान, काखा आणि पोट ही तिची ठरलेली ठिकाणे. पंजे सतत चाटल्याने फिकट केस लाळेमुळे तांबूस होतात. ही चाळा म्हणून सोडून देण्याची गोष्ट नव्हे, ते जनावर खरोखर हैराण झालेले असते. त्रास बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होतो. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड या जातींत तो अधिक आढळतो.

महाराष्ट्रात पावसाळ्यातली दमट हवा धुळीतील माइट (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव), बुरशी आणि पिसवा या तिन्हींना मानवते. म्हणून आधी पिसवांचा पक्का बंदोबस्त करावा. त्यांच्या चाव्याची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला थोड्याशा पिसवाही पुरतात, आणि ती खाज बहुधा शेपटीच्या मुळाशी असते. खाज बारमाही असेल तर अन्नाची ॲलर्जी पडताळण्यासाठी साधारण आठ आठवडे पथ्याचा आहार देतात. निदान असे एकेक कारण वगळतच होते. रक्ताची किंवा त्वचेची चाचणी निदानासाठी नसून पुढे द्यायच्या ॲलर्जीवरील लसीतील घटक निवडण्यासाठी असते.

फिरून आल्यावर पंजे व पोट ओल्या फडक्याने पुसून कोरडे करणे, आठवड्याला कुत्र्यांच्या सौम्य शांपूने अंघोळ आणि अंथरूण गरम पाण्यात धुणे, एवढ्यानेही फरक पडतो. खाजवून जखम झाली की जिवाणू व यीस्टचा संसर्ग होतो. तो बरा झाल्याशिवाय खाज आटोक्यात येत नाही. स्टेरॉइड लवकर गुण देते, पण तहान, भूक व लघवी वाढवते, म्हणून ते थोड्या दिवसांपुरतेच बरे. खाज थांबवणाऱ्या ऑक्लासिटिनिब या औषधाच्या गोळ्या वर्षाखालील पिलांना देत नाहीत. खाजेवरच्याच लोकिव्हेटमॅब या औषधाचे इंजेक्शन साधारण महिनाभर पुरते. विशिष्ट घटकांची लस मूळ प्रतिक्रियाच सौम्य करते, मात्र परिणाम दिसायला वर्षही लागू शकते.

घरातली सर्दीची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नये. तिच्यात स्यूडोएफेड्रिन हे चोंदलेले नाक मोकळे करणारे औषध असेल तर थोडी मात्राही जिवावर बेतू शकते.