गरोदरपणातील वजनवाढ

गरोदरपणात आईचे वजन किती वाढावे, याला सर्वांसाठी एकच आकडा नाही. भारतात सरसकट १० ते १२ किलो सांगितले जाते, पण दिवस राहण्यापूर्वीचे वजन आणि उंची पाहिल्याशिवाय त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २००९ च्या शिफारशीनुसार बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) १८.५ पेक्षा कमी असल्यास १२.५ ते १८ किलो, १८.५ ते २४.९ असल्यास ११.५ ते १६ किलो, २५ ते २९.९ असल्यास ७ ते ११.५ किलो आणि ३० च्या पुढे ५ ते ९ किलो वाढ योग्य मानतात. आपल्याकडे मधुमेहाचा धोका कमी बीएमआयलाच सुरू होत असल्याने अनेक डॉक्टर २३ ओलांडताच सावध होतात.

हे वजन निव्वळ चरबीचे नसते. पूर्ण दिवसांचे बाळ सुमारे ३ किलो, वार अर्धा-पाऊण किलो, गर्भजल पाऊण लिटरच्या आसपास, वाढलेले गर्भाशय जवळपास एक किलो. शिवाय अंगातले रक्त आणि पाणीही बरेच वाढते. उरते ती चरबी, पुढे अंगावर पाजण्यासाठीची बेगमी. पहिल्या तीन महिन्यांत वजन जेमतेम वाढते; उलट्या होत असतील तर थोडे घटतेही. खरी वाढ चौथ्या महिन्यापासून, मध्यम बांध्याच्या स्त्रीत आठवड्याला साधारण ३५० ते ५०० ग्रॅम.

घरोघरी मिळणारे सल्ले मात्र दोन टोकांचे. 'दोन जिवांची आहेस, दोघांचे खा' हे एक, आणि 'कमी खा, बाळ लहान राहिले तर बाळंतपण सोपे जाते' हे दुसरे. दुसरे अधिक घातक: अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला जंतुसंसर्गाचा आणि दगावण्याचा धोका जास्त असतो. पहिलेही बरोबर नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या (हैदराबाद) २०२० च्या शिफारशीत गरोदरपणी रोज सुमारे ३५० किलोकॅलरी जास्त सांगितल्या आहेत. म्हणजे साधारण एक भाकरी, वाटीभर उसळ आणि कपभर दूध. दुप्पट जेवण नव्हे.

किती खाल्ले याहून काय खाल्ले हे महत्त्वाचे, याचा दाखला पुण्याजवळच्या खेड्यांतलाच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहा गावांतील स्त्रियांची पाहणी केली. या स्त्रियांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते, आणि बहुतेकींना शेतीची कष्टाची कामे होती. त्यांच्या बाळांचा आकार एकूण कॅलरींशी फारसा जुळला नाही. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूधदुभते वरचेवर खाणाऱ्यांची बाळे मात्र मोठी निघाली. पाहणीतली सगळी बाळे मिळून सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधील बाळांहून बरीच हलकी; तरी स्नायूंच्या मानाने त्यांच्या अंगावर चरबी जास्त होती. पुढे मधुमेहाकडे कल असण्याचे एक मूळ संशोधक इथे पाहतात. त्यामुळे सातव्या महिन्यातल्या डोहाळजेवणातील गोडधोडापेक्षा रोजच्या ताटातली मेथी-चवळीची भाजी अधिक मोलाची म्हणावी लागते.

वाढ फार जास्त झाली तर बाळ मोठे होणे, सिझेरियन करावे लागणे, बाळंतपणानंतर वजन न उतरणे हे धोके वाढतात. मात्र उपास करून किंवा जेवण तोडून वजन घटवण्याची ही वेळ नव्हे. एकाच आठवड्यात वजन एकदम किलोभर किंवा जास्त वाढले, तोंडा-हातांवर सूज आली, डोके ठणकू लागले वा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने तपासावी लागतात. अशा वेळी वाढलेले वजन पाण्याचे असते, आणि ती गर्भावस्थेतील उच्च रक्तदाबाची खूण असू शकते.