खेचराचं गणित कुठे अडतं?

ग्वाल्हेरला फुलबागेतल्या प्राणिसंग्रहालयात पांढऱ्या वाघासमोर उभं राहिलं की कुणीतरी मुलांना सांगत असतंच, ‘ही वाघाची वेगळी प्रजाती, फार दुर्मिळ!’ तसं काही नाही. पिवळ्या वाघाशी त्याची जोडी जमते आणि बछडेही पुढे वंश वाढवतात. फरक रंगाच्या एका जनुकातला. १९५१ साली पूर्वीच्या रीवा संस्थानाच्या भागात पकडलेल्या मोहन नावाच्या वाघापासून, जवळच्या नात्यात जोड्या लावून, ही पांढरी पिलावळ वाढवली गेली, तिरळेपणासकट. ‘दुर्मिळ प्रजाती’ ही निव्वळ जाहिरात.

निसर्गात जे जीव आपसांत प्रजनन करतात आणि इतर गटांशी करत नाहीत ते एका प्रजातीचे, अशी व्याख्या अर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली रूढ केली. जिवाणूंना ती लागू पडत नाही, पण ते असो. खरी गंमत खेचरात आहे. घोडी आणि गाढव यांचं हे पिल्लू, पण त्याला स्वतःला सहसा पिल्लं होत नाहीत.

घोडीकडून ३२ गुणसूत्रं, गाढवाकडून ३१, एकूण ६३. तरी खेचर चांगलं दणकट असतं. शरीराच्या पेशी वाढताना प्रत्येक गुणसूत्राची नक्कल निघते आणि वाटली जाते, तिथे जोडीदार लागत नाही. अडतं ते शुक्रपेशी किंवा बीजांड तयार होताना. तिथे आईकडचं आणि बापाकडचं गुणसूत्र शेजारी येऊन लांबीभर जुळावं लागतं, तुकड्यांची देवघेव व्हावी लागते, मगच ती दोन बाजूंना जातात. घोड्या-गाढवाच्या गुणसूत्रांची मांडणी इतकी उलटसुलट झाली आहे की जोड्या नीट लागत नाहीत आणि बहुतेक पेशी तिथेच मरतात.

दोष ६३ या विषम आकड्याचा नाही. मंगोलियातल्या प्रझेवाल्स्की घोड्याची गुणसूत्रं ६६, पाळीव घोड्याची ६४. त्यांच्या शिंगराची ६५, तरी त्याला पिल्लं होतात! पाळीव घोड्याचं एक गुणसूत्र म्हणजे तिकडची दोन एकमेकांना चिकटलेली. त्यामुळे शिंगरात ही तीन गुणसूत्रं मिळून जुळतात.

मादी खेचराला गर्भ राहिला की ती मरते, असं जुनी संस्कृत वचनं सांगतात. प्रत्यक्षात क्वचित का होईना, तिला शिंगरू झाल्याच्या नोंदी आहेत.

सिंह आणि वाघ, दोघांची गुणसूत्रं ३८. पिंजऱ्यात त्यांचा संकर होतो, त्यातल्या माद्यांना पिल्लंही होतात. मग प्रजाती एकच का नाही? व्याख्येतला ‘निसर्गात’ हा शब्द इथे कामी येतो. एकोणिसाव्या शतकात मध्य प्रदेशातल्या गुणा या गावाच्या आसपास सिंहही होते आणि वाघही. तरी सिंह सिंहच राहिले, वाघ वाघच.