दुखण्याची गोळी चालू आहे, मग पोटाची कुठेय?

कॅन्सरचं, मणक्याचं नाहीतर नसांचं जुनं दुखणं आहे आणि डॉक्टरांनी ट्रामाडोल, टॅपेंटाडोल, मॉर्फिन किंवा अंगाला चिकटवायचा फेंटानिलचा पॅच लिहून दिलाय, तर हा कागद तुमच्यासाठी. मेडिकलच्या काउंटरवर मागे चार माणसं उभी असताना संडासचा विषय कोणी काढत नाही, आम्हालाही घाईत सगळं सांगता येत नाही, म्हणून लिहूनच देतोय.

ही औषधं जशी वेदना दाबतात तशीच आतड्यावरही काम करतात. आतड्याची पुढे ढकलायची हालचाल मंदावते, आतला पाझर कमी होतो, मळ जितका जास्त वेळ आत पडून राहतो तितकं त्यातलं पाणी शोषलं जातं आणि शेवटी खडा होतो. सुरुवातीची मळमळ आणि गुंगी बहुतेकांची थोड्या दिवसांत कमी होते कारण शरीराला सवय होते, पण आतड्याला ही सवय होत नाही, सहा महिने गोळी घेतली तरी त्रास तोच. म्हणून "त्रास झाला तर बघू" इथे चालत नाही. पहिल्या गोळीसोबतच पोट साफ होण्याचं औषध सुरू व्हायला हवं, चिठ्ठीवर नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, विसरून जातं कधीकधी.

आता इसबगोल. आमच्याकडून एक मुलगा वडिलांसाठी डबा न्यायचा, रोज रात्री दोन चमचे, पण काकांना भूकच नाही त्यामुळे पाणी जेमतेम अर्धा ग्लास, पाचव्या दिवशी पोट दगडासारखं आणि एनिमा द्यावा लागला. भुसा आत फुगतो हो, पण पुढे ढकलणारं आतडंच झोपलेलं! या गोळ्या चालू असताना नुसत्या इसबगोलच्या भरवशावर राहू नका, आमचा गल्ला कमी झाला तरी चालेल.

लागतं ते आतड्याला हलवणारं औषध, म्हणजे बिसाकोडिल, सेना किंवा सोडियम पिकोसल्फेट, आणि गरजेप्रमाणे जोडीला मळात पाणी धरून ठेवणारं लॅक्टुलोजचं सिरप नाहीतर पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर. कुठलं आणि किती ते डॉक्टर ठरवतील. बिसाकोडिल रात्री घेतलं की साधारण 6 ते 12 तासांत काम करतं, पण ती गोळी चावायची नाही, तोडायची नाही आणि दुधासोबत किंवा अ‍ॅसिडिटीच्या औषधासोबत तर अजिबात नाही, वरचं कोटिंग आधीच सुटतं आणि पोटात कळा येतात. रात्री हळद-दूध घेणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा. लॅक्टुलोजला एक-दोन दिवस लागतात, "काल घेतलं, आज झालं नाही" म्हणून बाटली बाजूला ठेवू नका. त्याने गॅस होतो हे खरंय.

सकाळी चहा-नाश्त्यानंतर आतडं जरा जागं होतं, तेव्हाच बसायचं, कमोड असेल तर पायाखाली स्वयंपाकघरातला पाट घ्या, कुंथावं कमी लागतं. जमेल तेवढं चालणं, पाणी, ताक. किडनी किंवा हार्टचा पेशंट असेल तर पाणी डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच.

एक फसवी गोष्ट. चार दिवस झालं नाही आणि मग अचानक पातळ पाणी गळायला लागलं तर घरचे जुलाब समजतात आणि लोपरामाइड मागायला येतात. अहो, पुष्कळदा आत खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पाणी येत असतं, आणि लोपरामाइड हे आतडं थांबवणारं, दुखण्याच्या या गोळ्यांच्याच घराण्यातलं औषध! आधी फोन डॉक्टरांना.

तीन दिवस शौचाला झालं नाही तरी फोन करा. पोट फुगलंय, उलट्या होतायत, वारापण सरत नाही किंवा रक्त पडतंय तर फोनवर वेळ घालवू नका, पेशंटला हॉस्पिटलला न्या आणि तोवर पोट साफ करायचं कुठलंही औषध देऊ नका. आणि संडास होत नाही म्हणून दुखण्याची गोळी स्वतःच बंद करू नका, दुखणं परत उसळतं आणि एकदम सोडल्याने घाम, थरथर, बेचैनी वेगळीच.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर झालं त्या दिवशी टिक करा. आमच्याकडे येताना त्याचा मोबाइलवर फोटो आणि चालू असलेल्या सगळ्या स्ट्रिप्स आणा, लोहाच्या, कॅल्शियमच्या, झोपेच्या पण, कारण त्यातल्याही काही पोट आवळतात.