दवाखान्यातली सही पोर्ट्रेटला चालत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कुष्ठरोग किंवा एचआयव्ही झालेल्यांचे फोटो काढणाऱ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं : "दवाखान्यानं सही घेतलीय की, मग काय अडचण?" अडचण आहे, आणि मोठी आहे.

ती सही असते दवाखान्याच्या नोंदीसाठी काढलेल्या फोटोची, पोर्ट्रेटची नव्हे. पोर्ट्रेट म्हणजे माणूस कोण आहे हे लोकांना दाखवायला काढलेला त्याचा फोटो. नोंदीचा फोटो म्हणजे दर वेळी तोच कोन, तोच प्रकाश, मागे साधा पडदा. जखम भरतेय का, हे डॉक्टरांना जुना-नवा फोटो शेजारी ठेवून कळावं एवढ्यासाठी. लेन्सबिन्सचा फरक गौण.

खरा फरक संमतीचा. नोंदीच्या फोटोला माणूस हो म्हणतो ते उपचारापुरतं. फोटो केसपेपरात राहील, डॉक्टर बघतील, एवढंच त्याच्या मनात असतं. पोर्ट्रेट मात्र सगळे बघतात. बेळगावच्या प्रदर्शनातला फोटो संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवरून चंदगड-गडहिंग्लजच्या पाहुण्यांकडे पोचू शकतो आणि पुतणीची ठरत आलेली सोयरीक मोडू शकते. हे आधी सांगितलं नसेल, तर ती संमतीच नव्हे. त्यात फॉर्म कन्नड किंवा इंग्रजी आणि माणूस मराठी बोलणारा, तिथं अंगठा उठवून घेणं मला अजिबात मान्य नाही. मराठीत वाचून दाखवा, घरी विचार करू द्या, छापलेली प्रत हातात देऊन पुन्हा विचारा. एचआयव्हीच्या २०१७ च्या कायद्यानुसार तर एखाद्यानं विश्वासानं सांगितलेली एचआयव्ही असल्याची माहिती त्याच्या लेखी संमतीशिवाय उघड करायलाच मनाई आहे.

दिलेला होकार पुढं मागेही घेता येतो. छायाचित्रकार युजीन स्मिथ यांनी १९७१ मध्ये जपानमधल्या मिनामाता इथं पारा-विषबाधेनं अपंग झालेल्या मुलीचा आईसोबत काढलेला फोटो जगभर गाजला. तरी आईवडिलांच्या इच्छेला मान देऊन मिनामातात युजीन यांच्यासोबत काम केलेल्या आणि फोटोचे हक्क असलेल्या आयलीन स्मिथ यांनी १९९० च्या दशकाअखेरीस तो छापायला देणं थांबवलं.

ओळख लपवायला फोटोत डोळ्यांवर मारलेल्या काळ्या पट्टीनं तर माझं डोकंच फिरतं. गाव माणसाला लुगड्यावरून, उंबऱ्यावरून, बसण्याच्या ढबीवरून ओळखतं. पट्टीनं लपत काहीच नाही, उलट तो माणूस आरोपी वाटतो.

वाकड्या बोटांचे क्लोजअपही तसेच. बहुऔषधी उपचारानं कुष्ठरोग सहा ते बारा महिन्यांत बरा होतो; नसांना आधी झालेली इजा मात्र मागं राहू शकते. नोंदीत ती बोटं हवीतच. पोर्ट्रेटमध्ये नुसती बोटं दाखवली, की बरा झालेला माणूस पुन्हा रोगी ठरतो. मला चेहरा हवा, कॅमेरा त्याच्या नजरेच्या उंचीवर हवा, आणि खाली "कुष्ठरोगी" नको. चालत असेल तर त्याचं नाव, आणि तो काय काम करतो ते.