फिल्म शीतलन : छिद्रांचा आकार

वायू टरबाइनच्या पात्यावरील बारीक छिद्रांतून थंड हवा सोडून तप्त वायू आणि धातू यांच्यामध्ये तिचा पातळ थर राखण्याच्या पद्धतीस फिल्म शीतलन किंवा पटल शीतलन म्हणतात. यातील ‘थंड’ हा शब्द सापेक्ष आहे. हवा संपीडकातून (इंजिनातील हवा दाबणाऱ्या भागातून) काढून घेतलेली असल्याने तिचे तापमानही काही शे अंश सेल्सिअस असते. आधुनिक इंजिनांत पहिल्या पात्यांवर आदळणारा वायू त्यांच्या निकेल मिश्रधातूच्या वितळबिंदूहूनही तप्त असतो, म्हणून ही व्यवस्था टाळता येत नाही. मात्र शीतलनासाठी वळवलेली हवा ज्वलनाला मिळत नाही, त्यामुळे तेवढ्याच हवेत जास्त पृष्ठभाग झाकणारे छिद्र शोधणे हा या विषयाचा गाभा होय.

कल्पनेचे मूळ शीतलनात नसून तापवण्यात आहे. विमानाच्या पंखावर बर्फ साचू नये म्हणून फटीतून गरम हवा सोडण्याचा अभ्यास के. विगहार्ट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत केला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९४६ मध्ये झाले, आणि काही ग्रंथांत तेच वर्ष आरंभाचे धरलेले आढळते. मूळ अहवाल त्याआधीचा असल्याने आरंभ युद्धकाळातच मानणे अधिक सयुक्तिक. सलग फटीतून निघालेला थर सर्वांत चांगला झाकतो. परंतु फिरत्या पात्याला अशी फट पाडल्यास त्याची ताकद जाते, म्हणून फटीऐवजी सुट्या छिद्रांची रांग आली. छिद्राकारावरील पुढचे बहुतेक संशोधन म्हणजे सुट्या छिद्रांतून फटीचा परिणाम परत मिळवण्याची खटपट आहे.

साधे छिद्र दंडगोलाकार असते. ते पृष्ठभागाशी सुमारे ३०° ते ३५° कोनात तिरपे पाडतात. त्यामुळे त्याचे तोंड गोल न दिसता लंबवर्तुळाकार दिसते, आणि ३०° कोनात त्याची लांबी रुंदीच्या दुप्पट होते. छिद्रातून निघणाऱ्या झोताची घनता व वेग यांचा गुणाकार मुख्य प्रवाहाच्या, म्हणजे तप्त वायूच्या, तशाच गुणाकाराने भागला की वस्तुमान-प्रवाह गुणोत्तर मिळते. झोत व प्रवाह यांची घनता सारखी असताना, साध्या छिद्राची परिणामकारकता हे गुणोत्तर ०.५ च्या आसपास असेपर्यंत वाढते आणि पुढे घसरते. अधिक हवा सोडल्यावर कमी शीतलन होते, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. कारण असे की जोरदार झोत पृष्ठभाग सोडून वर उठतो आणि तप्त वायू त्याच्याखाली शिरतो. थोल, सिन्हा, बोगार्ड व क्रॉफर्ड यांच्या मोजमापांनुसार झोत उठणे प्रामुख्याने संवेग गुणोत्तरावर, म्हणजे घनता व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारांच्या तशाच गुणोत्तरावर, अवलंबून असते. ते सुमारे ०.४ पेक्षा कमी असल्यास झोत चिकटून राहतो, ०.४ ते ०.८ दरम्यान उठून पुन्हा टेकतो आणि त्यापुढे सुटतो.

छिद्राचे तोंड पसरट करण्याचा पहिला प्रसिद्ध अभ्यास म्हणून गोल्डस्टीन, एकर्ट व बर्गग्राफ यांचा १९७४ चा निबंध सांगितला जातो. त्यात छिद्र दोन्ही बाजूंना १०° नी रुंदावले होते. इंजिन-निर्मात्यांचे काम बहुधा गोपनीय राहत असल्याने, कारखान्यांत त्याआधी असे छिद्र वापरले गेलेच नाही असे यावरून ठरत नाही. पुढे ग्रिच, शुल्झ व विटिग यांनी १९९८ मध्ये दंडगोल, पंख्यासारखे पसरणारे आणि पंख्यासारखे पसरून पुढेही कललेले अशा तीन छिद्रांची तुलना केली. पसरट छिद्रे अधिक हवेतही आपला थर टिकवून धरतात व तो आडवा अधिक पसरवतात, हे तीत स्पष्ट झाले.

असे का होते, याबद्दल दोन स्पष्टीकरणे आहेत. पहिले संवेगाचे. तोंडाचे क्षेत्रफळ घशाच्या, म्हणजे छिद्राच्या आतील न पसरलेल्या भागाच्या, २.५ पट असेल, तर हवा ते पूर्ण भरून निघाल्यास वेग २.५ पटीने आणि संवेग गुणोत्तर ६.२५ पटीने घटते, म्हणून झोत उठत नाही. दुसरे भोवऱ्यांचे. साध्या झोताच्या दोन अंगांना मूत्रपिंडाच्या आकाराची भोवऱ्यांची जोडी तयार होते आणि ती गरम वायू खाली ओढते. हॅवन व कुरोसाका यांनी १९९७ मध्ये दाखवले, की रुंद तोंडात हे भोवरे एकमेकांपासून दूर जातात व उलट फिरणारी जोडीही उद्भवू शकते. त्यांचे प्रयोग मुख्यतः पृष्ठभागाला काटकोनातील झोतांवर होते, त्यामुळे तिरप्या छिद्रांना ते निष्कर्ष जसेच्या तसे लावताना सावधगिरी हवी. संवेगातील घट हे मुख्य कारण व भोवऱ्यांचा बदल हे दुय्यम मानणे अधिक सुरक्षित दिसते. तथापि छिद्र फार पसरवल्यास हवा आतल्याच भिंतीपासून सुटते व तोंडाचा काही भाग रिकामा राहतो. मग वरील हिशेब लागू पडत नाही.

प्रत्येक संस्थेचे छिद्र वेगळे असल्याने निष्कर्षांची तुलना अवघड होती. ती अडचण दूर करण्यासाठी श्रोडर व थोल यांनी २०१४ मध्ये सर्वांना खुला असा ‘७-७-७’ आकार मांडला. त्यात दोन्ही बाजूंना व पुढे प्रत्येकी ७° पसरण, ३०° कल आणि २.५ क्षेत्रफळ गुणोत्तर असते. याखेरीज खंदकात बसवलेली छिद्रे, फटीत रूपांतरित होणारे ‘कन्सोल’ छिद्र, मुख्य छिद्राजवळ लहान छिद्रे ठेवून भोवरे दुबळे करणारी रचना, तसेच मांजराच्या कानांवरून जपानी नाव मिळालेले ‘नेकोमिमी’ छिद्र असे प्रकार सुचवले गेले आहेत.

प्रयोगशाळेतील छिद्र अनेकदा सेंटिमीटरभर रुंद असते, प्रत्यक्ष पात्यातले मात्र अर्ध्या ते एक मिलिमीटरच्या आसपास. ते लेसरने किंवा विद्युत ठिणगी क्षरणाने पाडतात. त्यावर उष्णतारोधक सिरॅमिक लेप दिल्यास तोंड अंशतः बुजू शकते आणि काटेकोर आखलेले कोन बिघडतात.