खोटं एकही नव्हतं, तरीही साडी घेतली

साड्यांच्या दुकानात गादीसमोर बसलं की दुकानदार विचारतो, "काय दाखवू ताई?" आपण म्हणतो, "नुसतं बघायचंय." "मग बघा की, बघायला कुठे पैसे पडतात?" एकेक घडी उलगडत जाते, पदर खांद्यावर टाकून दाखवला जातो, मागून चहा येतो. अर्ध्या तासात पंचवीस-तीस साड्यांचा ढीग पडतो. मनासारखी एकही सापडलेली नसते, पण एवढा पसारा करायला लावून रिकाम्या हाताने उठायचं कसं? त्या भिडेपोटी एक साडी बांधून घेतली जाते.

यात फसवणूक झाली का? कापड सांगितलं तेच होतं, किंमत चिठ्ठीवर होती. चहा का मागवला हेही आपल्याला कळत होतं. तरी निर्णय पूर्णपणे आपला होता असं म्हणायला जीभ रेटत नाही.

मराठीला हा फरक चांगला ठाऊक आहे. गंडवणं, टोपी घालणं, डोळ्यांत धूळ फेकणं या एका जातीच्या गोष्टी. भरीस घालणं, गळ घालणं, हरभऱ्याच्या झाडावर चढवणं ही दुसरी जात. पहिलीत आपल्या गळी काहीतरी खोटं उतरवलेलं असतं. दुसरीत खोट्याची गरजच नसते. आपली भीड, भीती किंवा हौस ओळखून कुणीतरी नेमकी तिची कळ फिरवतो. तत्त्वज्ञानात याला मॅनिप्युलेशन म्हणतात.

अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉगल यांनी १९९६ मध्ये हीच कळीची उपमा वापरली. समजुती, इच्छा आणि भावना या मनाच्या तीन कळा, आणि त्या जिथे असायला हव्यात तिथून मुद्दाम हलवणं म्हणजे मॅनिप्युलेशन. या हिशेबाने फसवणूक हा त्याचाच एक पोटप्रकार ठरतो, कारण तीत समजुतीची कळ हलते. मांडणी सुटसुटीत आहे, पण मला ती पुरती पटत नाही. दोन्हींत मनाचं जे बिघडतं, ते वेगवेगळं आहे.

द्रोणाचार्यांचं पाहा. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि युधिष्ठिर म्हणाला, "नरो वा कुंजरो वा". शब्दाला शब्द खरा, तरी ही फसवणूकच. महाभारतानेही ती माफ केलेली नाही, जमिनीपासून चार बोटं वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या क्षणी खाली टेकला. पण द्रोणांच्या मनाचं काय झालं? मुलगा गेल्याचं ऐकून बापाने शस्त्र खाली ठेवावं, यात विचाराची चूक काहीच नाही. त्यांच्या मनाचा तराजू चोख होता, पारड्यात पडलेली बातमी तेवढी खोटी होती. साडीच्या दुकानात नेमकं उलटं घडतं. पारड्यातला माल खरा असतो आणि काटा कुणीतरी बोटाने दाबून धरलेला असतो.

हा काटा किती सहज झुकतो, ते मानसशास्त्रज्ञ अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९८१ मध्ये दाखवलं. एका साथीत ६०० माणसं दगावतील अशी भीती आहे, उपाय निवडा. एका गटाला सांगितलं, पहिल्या उपायाने २०० जण नक्की वाचतील. दुसऱ्याने सगळे वाचण्याची शक्यता एक तृतीयांश, कुणीच न वाचण्याची दोन तृतीयांश. ७२ टक्के लोकांनी पहिला उपाय घेतला. दुसऱ्या गटाला तेच उपाय मरणाच्या भाषेत सांगितले. पहिल्यात ४०० जण नक्की मरतील, असं म्हणताच तो निवडणारे उरले २२ टक्के. आकडे तेच, दोन्ही वाक्यं खरी. ज्याला समोरच्याचा निकाल आधीच ठरवायचा आहे, त्याला नुसतं 'वाचतील' की 'मरतील' एवढंच निवडायचं असतं.

भारतात २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीतल्या 'डार्क पॅटर्न'विरुद्ध, म्हणजे ग्राहकाला नको ते करायला लावणाऱ्या पडद्यावरच्या क्लृप्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार आहेत, आणि ते वाचताना या दोन्ही जाती शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात. माल भरपूर असताना 'फक्त दोनच शिल्लक' म्हणणं ही सरळ फसवणूक. पण विमानाचं तिकीट काढताना विमा नाकारायचा, तर 'मी असुरक्षितच राहीन' अशा वाक्यावर बोट ठेवायला लावणं? त्यात खोटी माहिती कोणती? तिथे लाज आणि भीतीची कळ फिरवली जाते. तीच ती विनवणी पुन्हा पुन्हा समोर आणण्यातही खोटं काही नसतं, फक्त माणूस थकतो. फसवणूक तेवढी वाईट असं धरलं असतं, तर हे दोन प्रकार यादीत आलेच नसते.

म्हणूनच मला हा वाद पुस्तकी वाटत नाही. फसवणुकीवर उतारा माहितीचा असतो. "अश्वत्थामा जिवंत आहे" असं कुणी वेळेवर ओरडून सांगितलं असतं, तर द्रोणांनी धनुष्य पुन्हा उचललं असतं. भिडेचं तसं नाही. चहामागचा हेतू कळला म्हणून भीड कमी होत नाही.

माझी मावशी दुकानात शिरतानाच सांगते, "चारच साड्या दाखवा, पाचवी घडी मोडू नका." गादीसमोर ती बसत नाही, उभ्यानेच बघते. आणि चहा आला तर कपाला हात लावत नाही.