भिंत बाप्टिस्टांनीच मागितली होती

अमेरिकेतले कॉन्झर्वेटिव्ह ख्रिश्चन आणि तिथली राज्यघटना हा विषय निघाला की आपल्याकडे गाडी थेट ट्रम्पवर नाहीतर अबॉर्शनवर जाते, पण धर्म आणि सरकार यांनी एकमेकांपासून किती लांब राहायचं हे भांडण सव्वादोनशे वर्षांचं आहे आणि त्याचं मूळ बघितल्याशिवाय आत्ताचं काहीच धड लागत नाही.

१८०१ चं कनेक्टिकट घ्या. गावाने कर गोळा करायचा आणि त्यातून काँग्रिगेशनल चर्चच्या, म्हणजे तिथल्या मुख्य प्रोटेस्टंट पंथाच्या, पाळकाचा पगार द्यायचा अशी पद्धत. तुम्ही बाप्टिस्ट, म्हणजे जाणत्या वयातच बाप्तिस्मा घ्यावा असं मानणाऱ्या वेगळ्या प्रोटेस्टंट पंथाचे असाल आणि तो कर नको असेल तर मी अमुक चर्चला जातो असं सर्टिफिकेट आणून दाखवायचं, म्हणजे देवाची भक्ती कुठे करतो याचा दाखला सरकारदरबारी द्यायचा. तिथल्याच डॅनबरी गावच्या बाप्टिस्टांनी ऑक्टोबरमध्ये प्रेसिडेंट जेफरसनला पत्र लिहिलं, की आम्हाला जे धर्मस्वातंत्र्य मिळतं ते हक्क म्हणून नाही, मेहरबानी म्हणून मिळतं. जेफरसनचं उत्तर १ जानेवारी १८०२ चं, आणि चर्च आणि सरकार यांच्यामधल्या भिंतीचा तो प्रसिद्ध शब्द त्या उत्तरातला.

त्याच दिवशी जॉन लेलंड नावाचा बाप्टिस्ट उपदेशक मॅसॅच्युसेट्समधल्या चेशायर गावाहून जेफरसनसाठी चीज घेऊन आला होता. १,२३५ पौंडांचं, म्हणजे साधारण ५६० किलो. गावातल्या शेतकऱ्यांनी घरोघरचं दूध फाडून आणलं, सफरचंदाचा रस काढायच्या मोठ्या प्रेसमध्ये ते दाबून हे एवढं थोरलं चाक बनवलं आणि भर थंडीत वॉशिंग्टनला पोचवलं. दोनच दिवसांनी, रविवारी, लेलंडने संसदेच्या सभागृहात प्रवचन केलं आणि जेफरसन ते ऐकायला हजर होता. भिंतीचं पत्र लिहून दोन दिवस झालेले आणि लिहिणारा सरकारी इमारतीत प्रवचन ऐकतोय, हा प्रसंग आजही दोन्ही बाजू आपापल्या कोर्ट केसमध्ये वापरतात.

लेलंड काही लिबरल नव्हता हो. कट्टर बायबलवाला, गावोगाव फिरून लोकांना बाप्तिस्मा देणारा. पण तो आधी व्हर्जिनियात राहिलेला, आणि तिथे १७६० आणि ७० च्या दशकात लायसन्स नसताना प्रचार केला म्हणून बाप्टिस्ट उपदेशकांना तुरुंगात टाकायचे, ते गजाआडून प्रवचन द्यायचे आणि लोक खिडकीखाली उभे राहून ऐकायचे. म्हणून त्याचं म्हणणं सरळ होतं, माणूस एक देव मानो, वीस मानो, एकही न मानो, सरकारने त्याला फक्त संरक्षण द्यावं. श्रद्धा खरी असेल तर तिला कराचा आधार लागत नाही. १७८७ च्या घटनेत सरकारी पदासाठी धर्माची अट नाही, १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीत सरकारी चर्च नाही, आणि निदान या दुरुस्तीमागे तरी अशा भाविक माणसांचा रेटा होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

दुसरा प्रवाह प्युरिटनांचा, म्हणजे इंग्लंडहून आलेल्या कडक प्रोटेस्टंटांचा, ज्यांच्यातून ते काँग्रिगेशनल चर्च आलं. राज्य धार्मिक हवं, कायदा देवाला मानणारा हवा, आणि चर्चला कराचा पैसा मिळाला तर बिघडलं कुठे. कनेक्टिकटमध्ये ही पद्धत १८१८ ला बंद झाली, मॅसॅच्युसेट्समध्ये १८३३ ला. आमच्या नगरकडच्या मंडळींना हे जवळचं वाटेल, कारण १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले मिशनरी हॉल आणि नॉट ज्या मिशन बोर्डाने पाठवले ते याच मॅसॅच्युसेट्सच्या काँग्रिगेशनल लोकांचं. त्यातूनच अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं, नंतर ज्याच्यात ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक होते. म्हणजे आपल्याकडे मिशनरी आले तेव्हा त्यांच्या मागच्या घरी चर्चचा कर अजून चालू होता.

विसाव्या शतकात सगळं फिरलं. १९४७ च्या एव्हर्सन केसमध्ये सुप्रीम कोर्टाने जेफरसनची भिंत उचलून धरली आणि ती राज्यांनाही लागू केली, १९६२ ला शाळेतली सरकारी प्रार्थना गेली, १९६३ ला सरकारी शाळेत रोजचं बायबल वाचन गेलं, १९७३ ला अबॉर्शनचा हक्क देणारा रो विरुद्ध वेडचा निकाल. पण कॉन्झर्वेटिव्ह ख्रिश्चन राजकारणात उतरले ते रो मुळे असं जे सांगतात ते अर्धवट आहे, कारण १९७१ मध्ये सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन या बाप्टिस्टांच्या मोठ्या संघटनेनेच काही परिस्थितींत अबॉर्शनला मुभा असावी असा ठराव केला होता. हे लोक जास्त चिडले ते त्यांच्या खासगी ख्रिश्चन शाळांच्या टॅक्स सवलतीवर गदा आली तेव्हा, असं काही इतिहासकार मांडतात. बॉब जोन्स युनिव्हर्सिटी या ख्रिश्चन संस्थेने वेगवेगळ्या वंशांच्या विद्यार्थ्यांना एकमेकांशी डेटिंग करायला बंदी घातलेली, तिची सवलत गेली आणि १९८३ ला सुप्रीम कोर्टातही ती हरली. हा डाग आहे आणि तो लपवून हा इतिहास सांगता येत नाही.

जेरी फॉलवेल, व्हर्जिनियातल्या लिंचबर्गचा बाप्टिस्ट पाळक, १९६५ मध्ये म्हणत होता की उपदेशकाचं काम राजकारण नाही, आत्मे जिंकणं आहे. त्याचा रोख तेव्हा काळ्या लोकांच्या हक्कांसाठीच्या सिव्हिल राइट्सच्या मोर्च्यात उतरलेल्या पाळकांवर होता. १९७९ ला त्यानेच मॉरल मेजॉरिटी ही कॉन्झर्वेटिव्ह ख्रिश्चनांची राजकीय संघटना काढली, आणि १९८० ला डॅलसमध्ये प्रेसिडेंटपदाचा उमेदवार रेगन पाळकांच्या सभेत म्हणाला, तुम्ही मला पाठिंबा जाहीर करू शकत नाही पण मी तुम्हाला पाठिंबा जाहीर करतो.

तेव्हापासून बाप्टिस्टांमध्येच दोन घरं झाली. धर्मस्वातंत्र्यासाठी वॉशिंग्टनमध्ये काम करणाऱ्या बाप्टिस्ट जॉइंट कमिटीचा पैसा सदर्न बाप्टिस्टांनी १९९० च्या सुमारास तोडला. २०२२ मध्ये ब्रेमर्टन गावच्या सरकारी शाळेतला फुटबॉल कोच मॅच संपल्यावर मैदानाच्या मधोमध गुडघे टेकून प्रार्थना करायचा त्याची केस आली, सुप्रीम कोर्टाने ६-३ ने कोचच्या बाजूने निकाल दिला, कॉन्झर्वेटिव्ह मंडळींनी आनंद केला, आणि ती कमिटी मात्र त्या केसमध्ये शाळेच्या बाजूने उभी होती.